साइड प्रोजेक्टसाठी स्वतःच्या डोमेनचा ईमेल, तोही स्वस्तात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी सांभाळून रात्री उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी एखादं ॲप, छोटी साइट किंवा वार्तापत्र चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. मी असे सहा उद्योग सुरू केले, त्यातले दोन अजून तग धरून आहेत. ईमेलच्या बाबतीत करता येण्यासारख्या बहुतेक चुका माझ्या करून झाल्यात, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत आणि काहींत माहितीपेक्षा माझं मत जास्त आहे. दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते सारखे बदलतात. दर लावायची पद्धत मात्र सहसा बदलत नाही आणि खरा फरक तिथेच पडतो.

जीमेलचा फुकट पत्ता आहे की. मग डोमेनचा ईमेल हवाच कशाला?

नसेलही हवा. प्रकल्प अजून चार मित्रांपुरताच असेल तर हे पान बंद करा आणि कामाला लागा.

'व्यावसायिक दिसतं' हे कारण सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण माझ्या लेखी दुय्यम. मोठं कारण मालकीचं. जीमेलचा पत्ता गूगलच्या घरातला, तुमच्या डोमेनवरचा पत्ता तुमचा. उद्या सेवा महागली किंवा बंद पडली, तर मोबाईल नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी तसं करता येतं. लोकांना काही कळवावं लागत नाही. शिवाय तुमची साइट आपणहून ईमेल पाठवणार असेल, म्हणजे खातं उघडल्याची पोच किंवा पासवर्ड बदलायची लिंक, तर पाठवणाऱ्याच्या जागी जीमेलचा पत्ता लावून भलत्याच सर्व्हरवरून ते पाठवू नका असं गूगलचे नियमच सांगतात. तिथे स्वतःचं डोमेन लागतंच.

डोमेन विकत घेतलं म्हणजे ईमेल आलाच ना त्यात?

नाही. डोमेन हे नुसतं नाव. त्या नावाने आलेली पत्रं कुठल्या सर्व्हरने उतरवून घ्यायची हे एमएक्स नावाचं डीएनएस रेकॉर्ड सांगतं (डीएनएस म्हणजे कोणत्या डोमेनचं काय कुठे आहे याची इंटरनेटवरची नोंदवही). ही सोय १९८६ पासून आहे आणि तिच्यामुळेच डोमेन एकीकडे, साइट दुसरीकडे आणि ईमेल तिसरीकडे असं बिनधास्त ठेवता येतं. 'होस्टिंग जिथे, ईमेलही तिथेच घ्यावा लागतो' हा गैरसमज इतका पसरलेला आहे की विक्रेतेही तो मोडायच्या फंदात पडत नाहीत.

सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता?

आधी एक गोष्ट वेगळी काढा: ईमेल घेणं आणि ईमेल पाठवणं ही दोन कामं आहेत. घेणं जवळपास फुकटात होतं. पैसे लागतात ते पाठवायला आणि साठवायला. बरेच जण हा हिशेब न करता पहिल्याच दिवशी पूर्ण मेलबॉक्स विकत घेतात आणि वर्षभरात त्यावरून सात उत्तरं पाठवतात.

नुसतं घ्यायचं असेल तर फॉरवर्डिंग पुरतं. तुमच्या डोमेनवर आलेलं पत्र ही सेवा उचलते आणि तुमच्या नेहमीच्या इनबॉक्सात टाकते. क्लाउडफ्लेअरचं ईमेल राउटिंग फुकट आहे, फक्त डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, त्यांच्याकडे वळवावे लागतात. इम्प्रूव्हएमएक्सला ती अट नाही, एमएक्स बदललं की झालं, आणि एका डोमेनपुरतं तेही फुकट मिळतं. काही रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्या, डोमेनबरोबरच फॉरवर्डिंग देतात, पण ते पॅनेलच्या एखाद्या कोपऱ्यात दडलेलं असतं. बाहेर शोधण्याआधी तिथे बघा.

ठरवायला सोपं जावं म्हणून स्वतःला विचारा: गेल्या महिन्यात या पत्त्यावरून मला किती जणांना उत्तर द्यावं लागलं असतं? उत्तर पाचच्या आत असेल तर फॉरवर्डिंगपासून सुरुवात करा.

फॉरवर्डिंगमध्ये गोम काय आहे?

गोमा तीन आहेत.

पहिली साधी. पत्र तुमच्या वैयक्तिक इनबॉक्सात येतं, तुम्ही सवयीने 'उत्तर द्या' दाबता आणि उत्तर वैयक्तिक पत्त्यावरून जातं. एकदा एका वैतागलेल्या वापरकर्त्याला मी अतिशय गंभीर माफीपत्र पाठवलं. ते गेलं माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या पत्त्यावरून, ज्यात क्रिकेटशी संबंधित एक टोपणनाव होतं. त्याचं उत्तर आलं ते फक्त हसऱ्या चेहऱ्याचं. प्रकरण निभावलं, पण त्या दिवशी मी 'पाठवणारा' ही चौकट वाचायला शिकलो.

दुसरी तांत्रिक. बँकेने तुम्हाला पत्र पाठवलं. बँकेच्या एसपीएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे तिच्या नावाने कोण पत्र पाठवू शकतं या यादीत, बँकेच्या सर्व्हरची नावं आहेत. आता ते पत्र तुमच्या इनबॉक्सापर्यंत पोहोचवतोय फॉरवर्डिंगवाला, आणि त्याचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे एसपीएफची तपासणी फसली. चांगल्या सेवा पाकिटावरचा परतीचा पत्ता बदलून त्या जागी स्वतःचा घालतात. या युक्तीला एसआरएस म्हणतात. त्याने एसपीएफ पास होतं, पण ते फॉरवर्डिंगवाल्याच्या नावावर, बँकेच्या नाही. अशा वेळी पत्र तरतं ते डीकेआयएम या डिजिटल सहीवर, कारण वाटेत मजकुराला हात लागला नाही तर सही शाबूत राहते. पाठवणाऱ्याने सहीच केलेली नसेल आणि त्याचं डीमार्क धोरण (तपासणी फसली तर पत्राचं काय करायचं हा हुकूम) कडक असेल, तर ते पत्र तुमच्यापर्यंत येतच नाही. तुम्हाला पत्ताही लागत नाही, हे जास्त वाईट.

तिसरी गोम स्पॅमची. येणारा कचराही फॉरवर्ड होतो आणि जीमेलच्या नजरेत तो कचरा फॉरवर्डिंगवाल्याने पाठवलेला असतो. त्याची पत घसरली की तुमची खरी पत्रंही अडकतात.

मग जीमेलमध्ये बसूनच माझ्या डोमेनच्या नावाने पाठवता येणार नाही का?

येतं. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये दुसऱ्या पत्त्यावरून पाठवायची सोय आहे. तिथे एसएमटीपी सर्व्हर (पत्रं पाठवणारा सर्व्हर), वापरकर्तानाव आणि पासवर्ड मागतात. आता हा सर्व्हर आणायचा कुठून?

इंटरनेटवर फिरणारी युक्ती अशी की तिथे जीमेलचाच एसएमटीपी सर्व्हर टाका आणि ॲप पासवर्ड द्या (त्यासाठी खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं लागतं). चालते ही युक्ती. पण त्या पत्रावर सही जीमेलची असते, तुमच्या डोमेनची नाही. पुढे तुम्ही डीमार्क कडक केलंत की आपलीच पत्रं आपल्याच नियमाने नाकारली जातात. महिन्यातून दोन उत्तरांसाठी ठीक आहे, पण त्यावर इमारत बांधू नका.

नीट मार्ग म्हणजे पाठवण्यापुरती एखादी एसएमटीपी सेवा घ्यायची, तिच्याकडे आपलं डोमेन पडताळून घ्यायचं आणि तिचे तपशील जीमेलमध्ये भरायचे. घेणं फॉरवर्डिंगने, पाठवणं या सेवेने, वाचणं जीमेलमध्ये. माझा एक प्रकल्प गेली तीन वर्षं असाच चाललाय.

पूर्ण मेलबॉक्स फुकटात कुणी देतं का?

झोहो मेलची फुकट योजना आहे: एक डोमेन, पाचपर्यंत वापरकर्ते, प्रत्येकाला ५ जीबी. मेख अशी की आयमॅप, म्हणजे दुसऱ्या मेल ॲपमधून पत्रं वाचायची सोय, मिळत नाही. ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्याच ॲपमध्ये वाचायचं, थंडरबर्ड किंवा फोनमधल्या मूळ मेल ॲपला जोडता येत नाही. सगळ्या प्रदेशांत ही योजना दिसतही नाही. ज्यांना वेगळं ॲप उघडायचा कंटाळा नाही त्यांना मी बिनदिक्कत हीच सुचवतो.

गूगलची फुकट आवृत्ती शोधत असाल तर शोध थांबवा. ती नव्या लोकांसाठी डिसेंबर २०१२ मध्येच बंद झाली. जुने लेख अजून तिच्याबद्दल उत्साहाने सांगत फिरतात.

आणि एक राहून जाणारी गोष्ट: तुम्ही आधीच ज्याचे पैसे भरताय त्यात ही सोय आहे का ते बघा. ॲपलच्या आयक्लाउड प्लसमध्ये, म्हणजे फोटो मावत नाहीत म्हणून लोक जी जादा जागा घेतात त्याच योजनेत, पाच डोमेन जोडता येतात आणि प्रत्येक डोमेनवर तीन पत्ते मिळतात. माझ्या ओळखीतल्या एकाने वर्षभर वेगळ्या मेलबॉक्सचे पैसे भरले आणि नंतर त्याला हे कळलं.

पैसे द्यायचेच ठरवले तर कोणाला द्यावेत?

इथे दराच्या आकड्याआधी दराची जात ओळखा.

गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, फास्टमेल, प्रोटॉन हे माणशी पैसे घेतात. मिगाडू, प्युअरलीमेल, एमएक्सराउट यांचा हिशेब वेगळा. मिगाडू पाहतं दिवसाला किती पत्रं आली-गेली, एमएक्सराउट पाहतं किती जागा वापरली, आणि पत्ते किंवा डोमेन किती याच्याशी दोघांनाही फारसं देणंघेणं नाही. तीन प्रकल्प, प्रत्येकाचे तीन-चार पत्ते आणि सगळं वाचणारा माणूस एकच, असं असेल तर दुसरी जात डोळे मिटून परवडते.

माणशी दरातही एक गफलत टाळता येते. 'संपर्क', 'मदत', 'बिलं' अशा तीन पत्त्यांसाठी लोक तीन वापरकर्ते विकत घेतात. गरज नसते. एकाच मेलबॉक्सला जोडलेले जादा पत्ते, म्हणजे अलायस, बहुतेक सेवा त्याच पैशांत देतात. गूगल वर्कस्पेसमध्ये एका वापरकर्त्याला ३० अलायस मिळतात. एकट्या माणसाच्या प्रकल्पाला दुसरा वापरकर्ता लागतो तो दुसरा माणूस आल्यावर.

निवडताना जाहिरातीतला दर बघू नका, दुसऱ्या वर्षीचा बघा. दिवसाला किती पत्रं पाठवता येतात, किती डोमेन जोडता येतात, आयमॅप आहे का हेही विचारा. प्रोटॉनमध्ये सगळं कूटबद्ध असल्यामुळे संगणकावरच्या मेल ॲपला जोडायला त्यांचं ब्रिज नावाचं वेगळं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. काहींना ते चालतं, मला नाही चाललं.

छोट्या सेवांबद्दल एक सावधगिरी. यांतल्या काही एक-दोन माणसांच्या बळावर चालतात. स्वस्ताईचं कारण तेच आणि जोखीमही तीच. मी वापरतो, पण महिन्यातून एकदा सगळी पत्रं संगणकावर उतरवून ठेवतो.

होस्टिंगबरोबर ईमेल फुकट मिळतो. तो चालेल का?

चालतो, चालेनासा होईपर्यंत. स्वस्त होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात. त्यातल्या एखाद्याने स्पॅम पाठवला की आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि तुमची पत्रंही त्याच आयपीवरून जात असतात.

पण माझा राग वेगळ्या कारणाने आहे. एकदा मी साइट एका होस्टकडून दुसऱ्याकडे हलवली. साइटचं ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेन कोणत्या आयपीवर आहे ही नोंद, नव्या आयपीवर वळवलं, साइट झकास चालली, झोपलो. जुन्या होस्टने एमएक्समध्ये स्वतःच्या मेल सर्व्हरचं नाव न घालता माझ्याच डोमेनचं नाव घातलं होतं. म्हणजे ए रेकॉर्ड हललं तसा ईमेलही नव्या सर्व्हरकडे गेला आणि तिथे माझा मेलबॉक्सच नव्हता. सर्व्हर नुसता बंद असता तर पाठवणारे सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले असते, एसएमटीपीची रीतच तशी आहे. पण नवा सर्व्हर जागा होता आणि प्रत्येकाला 'असा कुणी इथे राहत नाही' असं ठणकावून सांगत होता. पत्रं तत्क्षणी परत गेली. तीन दिवसांनी एकाने दुसऱ्या मार्गाने कळवलं तेव्हा समजलं.

साइट आणि ईमेल वेगळे ठेवा.

स्वतःचाच मेल सर्व्हर उभा केला तर?

शिकायचं असेल तर जरूर करा. पैसे वाचवायला करत असाल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. पत्रं घेणारा सर्व्हर एका संध्याकाळीत उभा राहतो. घोडं अडतं ते पाठवताना: बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट बंदच ठेवतात, आयपीचं उलट डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावून घ्यावं लागतं, आणि एवढं करून ज्या आयपीची काही पतच नाही त्यावरून आलेल्या पत्राकडे मोठ्या कंपन्या संशयानेच बघतात. पत कमवायला महिने जातात. ते महिने तुमच्या प्रकल्पाला द्या.

एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क: माझ्या चिमुकल्या प्रकल्पाला हे सगळं लागतं?

लागतं, आणि अर्ध्या तासाचं काम आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आवळले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत. त्याहून लहान असाल तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक सक्तीचं. मी म्हणतो तिन्ही लावा, फुकटच तर आहेत.

एमएक्स वर आलंच. एसपीएफ म्हणजे माझ्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची यादी. एका डोमेनवर एसपीएफचं रेकॉर्ड एकच असायला हवं. नवी सेवा जोडताना लोक तिने दिलेली ओळ दुसरं रेकॉर्ड म्हणून टाकतात आणि दोन झाली की दोन्ही निकामी होतात. नव्या सेवेचा भाग जुन्याच ओळीत घालायचा. त्या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस चौकशा १० च्या वर गेल्या तरी तपासणी फसते, म्हणून सोडून दिलेल्या सेवांची नावं काढत चला.

डीकेआयएम ही पत्रावरची सही. किल्लीचा उघडा भाग डीएनएसमध्ये असतो, गुप्त भाग सेवेकडे. २०४८ बिटची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, ती दोन तुकड्यांत द्यावी लागते. बरीच पॅनेल हे आपोआप करतात, काही करत नाहीत आणि शेपूट कापून गप्प बसतात.

डीमार्क या दोघांच्या वरचा हुकूम: तपासणी फसली तर काय करायचं? 'फक्त नोंद घ्या', 'स्पॅममध्ये टाका' किंवा 'नाकारा'. पहिल्यापासून सुरू करा, अहवाल येऊ द्या, आपल्या सगळ्या सेवा पास होताहेत असं दिसलं की एकेक पायरी वर चढा. अहवाल एक्सएमएलमध्ये येतात आणि माणसाने वाचावेत असे नसतात. त्यांच्यासाठी वेगळा अलायस ठेवा.

रेकॉर्ड्स टाकली, पण सेवा म्हणते 'सापडली नाहीत'. आता?

दहातल्या सात वेळा हे एकाच कारणाने होतं. सेवा सांगते, नावाच्या चौकटीत डीकेआयएमचं लांबलचक नाव भरा, आणि त्या नावाच्या शेवटी तुमचं डोमेनही लिहिलेलं असतं. तुम्ही ते जसंच्या तसं चिकटवता. पण पॅनेल शेवटी डोमेन स्वतःहून जोडतं, त्यामुळे रेकॉर्ड तयार होतं ते डोमेनचं नाव दोनदा असलेलं. पॅनेलमध्ये सगळं बरोबर दिसतं, कारण दुसरं नाव तिथे दाखवतच नाहीत. चौकटीत डोमेनच्या आधीचाच भाग ठेवून जतन करा. खुद्द डोमेनचं रेकॉर्ड असेल तर बहुतेक ठिकाणी त्या चौकटीत नुसतं @ चिन्ह टाकतात.

तेही ठीक असेल तर रजिस्ट्रारने आधी घातलेली जुनी एमएक्स रेकॉर्ड्स पुसलीत का बघा. नाहीतर निम्मी पत्रं इकडे, निम्मी तिकडे. बाकी मग टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर सर्व्हरनी लक्षात ठेवायची मुदत, संपेपर्यंत वाट बघणं आलं.

सगळं लागलं की जीमेलच्या एखाद्या पत्त्यावर एक पत्र पाठवा, तीन ठिपक्यांच्या मेनूतून त्याचं मूळ रूप उघडा. वर छोटा तक्ता दिसतो: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, प्रत्येकापुढे 'पास'. तिन्ही ओळींत तो शब्द दिसल्याशिवाय लॅपटॉप मिटू नका.

सगळं 'पास' आहे, तरी पत्र स्पॅममध्ये जातं.

डोमेन नवंकोरं असेल तर काही दिवस हे होणारच. ओळखीच्यांना पाठवा, त्यांना उत्तर द्यायला सांगा, एका दिवसात शंभर पत्रं सोडू नका. लिंक छोट्या करणाऱ्या सेवा टाळा. पत्रात नुसतं चित्र आणि मजकूर शून्य असं करू नका.

ॲपची आपोआप जाणारी पत्रं याच मेलबॉक्समधून पाठवू का?

नको. मेलबॉक्स माणसाच्या हाताने लिहिलेल्या पत्रांसाठी असतो. ॲपमधल्या चुकीने एका रात्रीत तीनशे पत्रं सुटली तर सेवा तुमचं खातं गोठवते आणि सकाळी तुमचा स्वतःचा ईमेलही बंद. यासाठी ॲमेझॉन एसईएस, पोस्टमार्क, रीसेंड अशा वेगळ्या सेवा आहेत आणि लहान प्रमाणात त्या अगदी किरकोळ पडतात. एसईएसमध्ये नवं खातं आधी बंदिस्त अवस्थेत असतं: २४ तासांत २०० पत्रं, तीही पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. तो प्रकल्प जाहीर करायच्या आदल्या रात्री करू नका.

या पत्रांना डोमेनचं उपनाव द्या, म्हणजे सबडोमेन. वार्तापत्राला वेगळं. एकाची पत बिघडली तरी दुसऱ्याला कमी झळ लागते.

कॅच-ऑल ठेवावा का?

कॅच-ऑल म्हणजे डोमेनवरच्या कोणत्याही नावाने आलेलं पत्र स्वीकारणं. मजा असते: प्रत्येक दुकानाला, प्रत्येक साइटला वेगळा पत्ता द्यायचा आणि कुणी आपला पत्ता विकला ते लगेच कळतं. पण स्पॅमवाले शब्दकोश घेऊन बसतात आणि 'प्रशासन', 'विक्री', 'हिशेब' असं सगळं ठोकून बघतात. मेलबॉक्स असेल आणि त्याची चाळणी चांगली असेल तर ठेवा. नुसतं फॉरवर्डिंग असेल तर ठेवू नका, वरची तिसरी गोम आठवा. अधिक चिन्ह वापरून केलेले पत्ते, म्हणजे @ च्या आधी आपल्या नावाला + आणि एखादा शब्द जोडलेले, हा मधला मार्ग, मात्र कित्येक फॉर्म ते चिन्हच नाकारतात.

पत्त्याचं नाव काय ठेवू?

फोनवर सांगता येईल असं. १९९७ च्या एका मानकात 'पोस्टमास्टर' आणि 'अब्यूज' ही नावं चालू ठेवायला सांगितलीत, तर ती अलायस म्हणून घालून टाका. 'नो-रिप्लाय' मात्र ठेवू नका. दहा वापरकर्ते असलेल्या प्रकल्पाने लोकांना 'उत्तर देऊ नका' सांगणं हा निव्वळ शिष्टपणा आहे.

देवनागरीत पत्ता घेता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या होय. मानक २०१२ मध्ये आलं आणि अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करायची सोय जीमेलने २०१४ मध्ये केली. पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते कळायला हवं, आणि वेबसाइटवरचे फॉर्म तर असा पत्ता बघून लालेलाल होतात. हौस म्हणून घ्या, मला तर फार आवडेल. पण रोमन लिपीतला पत्ता जोडीला ठेवा.

नंतर सेवा बदलायची झाली तर?

आदल्या दिवशी एमएक्सचा टीटीएल कमी करा, नव्या सेवेवर सगळे पत्ते आधी तयार करा, मग एमएक्स वळवा. जुनी पत्रं आयमॅपने उचलता येतात. आयमॅपसिंक हे साधन त्यासाठीच आहे. जुनं खातं दोन-तीन आठवडे चालू ठेवा. एसपीएफमधलं जुनं नाव सगळ्यात शेवटी काढा.

रजिस्ट्रारच्या खात्याला कोणता ईमेल द्यावा?

याच डोमेनवरचा सोडून कोणताही. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा ईमेल बंद, म्हणजे 'मुदत संपली' हे पत्रही येणार नाही आणि पासवर्ड बदलायची लिंकही नाही. किल्ली घरात आणि दाराला कुलूप. मला हे कळलं ते कार्डाची मुदत संपल्यामुळे आपोआप होणारं नूतनीकरण फसलं तेव्हा.

प्रकल्प बंद केला. आता डोमेन सोडून देऊ?

थांबा. त्या पत्त्याने तुम्ही कुठे कुठे खाती उघडली आहेत? कोडची जागा, पेमेंटची सेवा, सोशल मीडिया. डोमेन सुटलं की ते दुसरा कुणीही घेऊ शकतो, कॅच-ऑल लावू शकतो आणि तुमच्या खात्यांवर 'पासवर्ड विसरलो' दाबू शकतो. नव्या मालकाला कसलीही हॅकिंग करावी लागत नाही, पत्रं आपसूक त्याच्या दारात येतात.

म्हणून आधी सगळ्या खात्यांचा पत्ता बदला. मग वर्षभर डोमेन नुसतं ठेवा आणि अजून कोण कोण लिहितंय ते फॉरवर्डिंगवर बघत राहा. विसरलेली खाती अशीच सापडतात, मला चार सापडली. मुदत चुकून गेलीच, तर डॉट कॉमसारख्या डोमेनना रजिस्ट्रारने दिलेली सवलत संपल्यावर ३० दिवसांचा सोडवून घ्यायचा काळ असतो, पण त्याचे पैसे चांगलेच जास्त लागतात. त्यापुढे ५ दिवसांनी नाव मोकळं होतं.

डोमेन आठवण म्हणून ठेवायचं पण ईमेल नकोय, असं असेल तर तेही डीएनएसमध्ये लिहिता येतं. एमएक्सच्या जागी प्राधान्य ० देऊन नुसता एक टिंब टाकायचा. २०१५ च्या मानकानुसार त्याचा अर्थ 'इथे पत्र घेत नाही'. एसपीएफमध्ये 'कुणालाही परवानगी नाही', डीमार्कला 'नाकारा'. म्हणजे तुमच्या मागे तुमच्या नावाने कुणी पत्रं पाठवू लागला तरी ती दारातूनच परत जातील.